स्टर्जनचे खाद्य तळापर्यंत पोचते आहे का?

प्रश्न : आमच्या तळ्यात कोई कार्प माशांसोबत दोन स्टर्जन आहेत. दिवसातून दोनदा भरपूर खाद्य टाकतो आणि पाण्याच्या चाचणीतही काही दोष आढळत नाही. तरीही अलीकडे स्टर्जनचे डोके मोठे आणि अंग बारीक दिसू लागले आहे. हा एखादा रोग असेल का?

उत्तर : आपल्या वर्णनावरून रोगापेक्षा उपासमारीची शक्यता मला अधिक वाटते. तळ्यात पडलेले खाद्य आणि स्टर्जनच्या पोटात गेलेले खाद्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि कार्पसोबत राहणारे बहुतेक स्टर्जन याच फरकामुळे खंगतात. या माशाचे तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला असते. मोठ्या माशाला दात नसतात आणि नजरही अधू असते. तो तळालगत पोहत जातो, तोंडापुढच्या चार मिशा जमिनीवर फिरवत राहतो आणि मिशीला दाणा लागला की तोंड नळीसारखे बाहेर काढून तो ओढून घेतो. पुष्कळदा तो दाण्यावरून पुढे निघून जातो, वळतो आणि पुन्हा शोधत येतो. तेवढ्या वेळात कार्पने तो दाणा केव्हाच गिळलेला असतो. पाण्यावर तरंगणारे खाद्य तर त्याच्या कामाचेच नाही.

म्हणून आधी तळ्याच्या एका टोकाला कार्पना तरंगणारे खाद्य द्यावे आणि ते तिकडे गुंतले की दुसऱ्या टोकाला बुडणारे दाणे सोडावेत. तळापर्यंत जाणारा एक रुंद पाइप उभा धरून त्यातून दाणे रोज एकाच ठिकाणी सोडले, तर स्टर्जन ती जागा लवकर ओळखू लागतात. संध्याकाळी अंधार पडू लागल्यावर कार्प काहीसे मंदावतात, स्टर्जन मात्र वास आणि स्पर्श यांवर शोध घेत असल्यामुळे त्यांचे काही अडत नाही. अर्ध्या तासाने विजेरीच्या उजेडात तळ पाहावा. उरलेले दाणे जाळीने काढून टाकावेत, कारण ते कुजले की पाण्यात अमोनिया वाढतो. मात्र दाणे दिसले नाहीत म्हणून ते स्टर्जननेच खाल्ले असे समजू नये. तो खाताना प्रत्यक्ष दिसला पाहिजे. फार खंगलेल्या माशाला एकदम भरपूर न देता थोडे थोडे, पण अनेकदा द्यावे. खाद्य व्यवस्थित मिळूनही तो भरला नाही, तर मत्स्यरोगतज्ज्ञाला जरूर दाखवावे.

प्रश्न : कार्पचेच बुडणारे खाद्य स्टर्जनला चालेल का? किती द्यावे?

उत्तर : नेहमीचे खाद्य म्हणून चालणार नाही. निसर्गात स्टर्जन कीटकांच्या अळ्या, कृमी, गोगलगायी आणि लहान कवचधारी प्राणी खातो, तर कार्पच्या अनेक खाद्यांत गहू व इतर धान्यांचे प्रमाण मोठे असते. पिशवीवरील घटकांच्या यादीत मासळीचे पीठ सर्वांत आधी असावे, प्रथिने साधारण 40 ते 50 टक्के आणि स्निग्ध पदार्थ 12 ते 18 टक्के असावेत. वीतभर लांबीच्या पिलाला 3 मिलिमीटरचा दाणा पुरतो, मोठ्या माशाला 6 मिलिमीटरचा द्यावा. पाणी 15 ते 20 अंश सेल्सिअस असताना दिवसाला वजनाच्या 1 ते 2 टक्के, म्हणजे 1 किलोच्या माशाला 10 ते 20 ग्रॅम खाद्य द्यावे. हे तेलयुक्त खाद्य खवट होते आणि त्यातील क जीवनसत्त्वही घटत जाते. त्यामुळे स्वस्त पडते म्हणून वर्षाचा साठा करण्यापेक्षा लहान पिशवी आणून ती थंड, कोरड्या जागी घट्ट बंद ठेवावी. गांडुळे किंवा कोळंबी अधूनमधून द्यायला हरकत नाही.

प्रश्न : थंडीत कार्पचे खाद्य थांबवतो, तेव्हा स्टर्जनचेही थांबवावे का?

उत्तर : थांबवू नये. स्टर्जन थंड पाण्यातही हिंडतो, त्यामुळे त्याची शक्ती खर्च होतच असते. 10 अंशांखाली प्रमाण बरेच कमी करून, तो घेईल तेवढे दिवसाआड द्यावे. मला उन्हाळ्याची काळजी अधिक वाटते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि पचनासाठी माशाला तो जास्त लागतो. शिवाय रात्रभर वनस्पती व शेवाळही प्राणवायू वापरत असल्यामुळे पहाटे त्याची पातळी सर्वांत खाली जाते. म्हणून पाणी 22 अंशांच्या वर गेले की संध्याकाळचे खाद्य बंद करावे, एकूण प्रमाण निम्म्यावर आणावे आणि सकाळी ऊन चढू लागल्यावर, वायुपंप चालू ठेवूनच, ते द्यावे.