कुबट वास आला तरी मशीनला स्पिरिट लावू नका

सिंगरचं जुनं काळं फेदरवेट २२१ शिलाई मशीन मिळालंय, पेटी उघडली की कुबट वास येतो, म्हणून पेटी आणि मशीन दोन्ही स्पिरिटने पुसणार, असं तुम्ही लिहिलंय. पेटीकडे नंतर येते. मशीनला स्पिरिट अजिबात लावू नका.

या काळ्या रंगावर आणि सोनेरी नक्षीवर लाखेचा पातळ थर असतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, लाकडाचं फ्रेंच पॉलिश तसंच तर बनवतात. माझं मशीन टाका सुटतो म्हणून एका दुकानात दिलं होतं. परत आलं तेव्हा अंगावर दुधाळ पट्टे, आणि दर्शनी बाजूची सोनेरी वेलबुट्टी चंदेरी पडलेली. कडेला तर बोळा फिरवल्याच्या रेघा दिसत होत्या. मी विचारलं तर म्हणाले, "स्वच्छ करून दिलंय की!" आणि त्या सफाईचे पैसे वेगळे लावले. टाका तसाच सुटत होता, कारण सुई आधीपासून उलटी बसवलेली होती आणि ती कुणी पाहिलीच नाही. या मशीनमध्ये सुईची चपटी बाजू डावीकडे येते आणि दोरा उजवीकडून डावीकडे ओवतात. जुनं मशीन हातात घेणाऱ्याला एवढं तरी माहीत हवं, असं माझं ठाम मत आहे. गेलेली नक्षी परत येत नाही, त्याचा राग मला अजून आहे.

मळ काढायला मऊ सुती कापडावर शिलाई मशीनचं तेल घ्या आणि हलक्या हाताने पुसा. आधी मागच्या बाजूला छोट्या जागी करून बघा. रंग पोपडे धरून उडत असेल तर तिथे हात लावू नका.

आता वास. मशीन आडवं करून तळाचा पत्रा काढा, मधोमध एकच नट आहे. आत तेल पिऊन काळी पडलेली फेल्ट (दाबलेल्या लोकरीची गादी) असेल, ती टाकून नवी घाला. निम्मा वास बहुधा तिथेच असतो. पेटी लाकडी असते, वरचं आवरण चिकटवलेलं असतं, त्यामुळे पाण्याने धुवायची नाही, ते सुटून येतं. व्हॅक्यूमने कोपरे साफ करा, झाकण उघडं ठेवून वाऱ्यावर ठेवा, मग खायचा सोडा कोरडाच पसरून रात्रभर बंद ठेवा आणि झाडून काढा. दोनतीनदा करावं लागतं. डांबरगोळ्या किंवा अत्तर नको, एका वासावर दुसरा चढतो इतकंच. अस्तर उडून लाकूड उघडं पडलं असेल तर त्यावर लाखेचं पॉलिश मारलं की वास आत कोंडला जातो. इथे लाख चालते, मशीनवर तिला फक्त सांभाळायचं.

मी मेकॅनिक नाही, म्हणून विजेचं काम जाणकाराकडूनच करून घ्या. प्लग लावण्याआधी मोटरच्या पट्टीवर व्होल्ट वाचा. ११० ची मोटर २२० वर जळते. वायरचं रबर तडकलं असेल तर बदला. आणि मोटरच्या दोन बारीक नळ्यांत ग्रीसच जातं, तेल कधीच नाही.

पेटी पूर्ण सुकेपर्यंत मशीन बाहेरच ठेवा. आतल्या अस्तराचा फोटो टाकलात तर कागदी आहे की कापडी ते बघून पुढचं सांगते.