वाचकांचे प्रश्न : हाताची सूज, पायांची सूज

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आईची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, डाव्या काखेतल्या गाठीही काढल्या. दिवाळीपासून तिचा डावा हात जड झालाय, बांगड्या चढत नाहीत. शेजारच्या काकू पाण्याची गोळी सुचवतात, मामी म्हणते तेल लावून जोरात चोळ. काय करावं? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : दोन्ही नको. बारीक रक्तवाहिन्यांमधून द्रव सतत पेशींभोवती झिरपत असतो. मागे उरलेला द्रव (लसिका), त्यातल्या प्रथिनांसकट, लसिकावाहिन्या नावाच्या नळ्या उचलतात, लसिकाग्रंथींमधून (काखेतल्या गाठी म्हणजे याच) गाळतात आणि मानेच्या बुडाशी मोठ्या शिरांत परत सोडतात. काखेतल्या ग्रंथी काढल्या, त्यावर रेडिएशनही झालं असलं, की हाताचा हा रस्ता अरुंद होतो. प्रथिनं तिथेच साचतात आणि पाणी धरून ठेवतात. पाण्याची गोळी लघवीवाटे पाणी काढते, प्रथिनं मात्र हातातच राहतात, म्हणून सूज परत भरते. दुर्लक्ष झालं तर पुढे त्वचा जाड आणि कडक होत जाते. जोरात चोळल्याने त्वचेलगतच्या नाजूक लसिकावाहिन्या दबतात, शिवाय तिथलं रक्त वाढून आणखी द्रव झिरपतो.

आधी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना हात दाखवा. कर्करोगाची गाठ परत आली आहे का, शिरेत रक्ताची गुठळी आहे का, हे तपासल्याशिवाय मसाज किंवा पट्टी सुरू करू नका. हात एकाएकी सुजला, दुखला किंवा निळसर झाला, तर त्याच दिवशी जा.

घरी शिंप्याची टेप घ्या. मनगटापासून दर १० सेंटिमीटरवर खूण करून दोन्ही हातांचा घेर मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. वेळ नेहमी तीच ठेवा, कारण संध्याकाळी सूज वाढलेली असते. कुठेही २ सेंटिमीटरचा फरक दिसला तर लिम्फिडीमाचं (लसिका साचून येणाऱ्या सुजेचं) प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडे जा. जेवणाचा हात मुळात थोडा जाड असतो, म्हणून एका दिवसाच्या आकड्यापेक्षा महिन्यामहिन्याला होणारा बदल जास्त महत्त्वाचा.

उपचाराचे चार भाग आहेत: हलक्या हाताने केलेला लसिका-निचरा, थरांची पट्टी, व्यायाम आणि त्वचेची निगा. निचऱ्याची सुरुवात सुजलेल्या हातापासून करत नाहीत. आधी मान आणि निरोगी बाजूची काख मोकळी करतात, मग हाताकडे येतात, म्हणजे द्रवाला जायला जागा मिळते. पट्टी कमी ताणली जाणारी, याच कामासाठीची लागते. मेडिकलमधली साधी क्रेप चालत नाही. बोटांशी दाब जास्त आणि वर कमी होत जायला हवा. उलट झालं तर पंजाच फुगतो. सूज उतरली की मापाची स्लीव्ह (हातावर चढवायची घट्ट, दाब देणारी बाही) सकाळी चढवायची आणि झोपताना काढायची. पंजाही सुजत असेल तर हातमोज्याचा भाग मागा, नुसत्या स्लीव्हने द्रव पंजात उतरतो. मुंबईच्या घामात दोन स्लीव्ह असलेल्या बऱ्या: एक घातलेली, एक वाळत. साधारण सहा महिन्यांत ताण सैल पडतो, मग नवी घ्यावी.

आईचा हात झोळीत जपून ठेवू नका. लसिकेला हृदयासारखा वेगळा पंप नाही, वाहिन्यांचं स्वतःचं आकुंचन आणि स्नायूंची हालचालच तिला पुढे ढकलते. स्लीव्ह घालून, थेरपिस्टच्या देखरेखीखाली, हलक्या वजनापासून हळूहळू वाढवत व्यायाम केला तर तो सुरक्षित आहे. विळीने कापलं, डास चावला तरी जागा लगेच साबणाने धुवा. हात लाल, गरम झाला आणि थंडी वाजून ताप आला, तर तो संसर्ग आहे. पट्टी-मसाज थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा, प्रतिजैविक लागतं.

प्रश्न : दुकानात दिवसभर उभा असतो. संध्याकाळी दोन्ही पाय सुजतात, सकाळी उतरतात. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन चालू आहे. हा हत्तीरोग तर नसेल? – एक वाचक, लालबाग

उत्तर : दोन्ही पायांना येऊन रात्रीत उतरणारी सूज सहसा हत्तीरोगाची नसते. तासन्‌तास उभं राहणं हे एक कारण, आणि अॅम्लोडिपिनने घोटे सुजणं नेहमीचं आहे. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टर डोस किंवा औषध बदलू शकतात. मूत्रपिंडाचं काम पाहायला लघवीतलं प्रथिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. चढताना धाप लागत असेल तर हृदयाचीही तपासणी हवी.

हत्तीरोगाचे जंतू पसरवणारा क्युलेक्स डास गटाराच्या घाण पाण्यात वाढतो. त्यातली सूज बहुधा एका पायाला जास्त असते, जांघेत गाठ येऊन ताप येतो आणि पुढे सूज रात्रीतही उतरत नाही. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी कातडीची चिमटी धरता आली नाही, तर लसिकेची सूज असण्याची शंका घ्यावी, मात्र चिमटी येते म्हणून ती नाहीच असं धरू नये. जंतूंसाठी रक्त रात्री १० ते २ च्या दरम्यान घेतात, कारण तेव्हाच ते रक्तात फिरतात. जुन्या सुजेत ते सापडले नाहीत तरी आजार नाही असं होत नाही.

पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून आलात तर पाय साबणाने धुवून बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. तिथली बुरशी हे संसर्गाचं उघडं दार असतं. एकच पोटरी अचानक सुजून दुखायला लागली, तर मालिश न करता थेट रुग्णालयात जा: शिरेत गुठळी असू शकते.