माणूस गेला, ओटीपी त्याच्याच फोनवर

प्रश्न : नाशिकला औषधांच्या एका वितरकाकडे मी बिलिंग बघते. २२ जणांचं ऑफिस, वर्षात ९ जण सोडून गेले. आता जीएसटीचं टेबलही माझ्याकडे आलंय. गेल्या महिन्यात रिटर्नचा ओटीपी सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या मोबाइलवर गेला, रिटर्न राहिलं आणि खापर माझ्यावर फुटलं. काय करू?

उत्तर : आधी ओटीपी. तो जीएसटी पोर्टलवर नोंदवलेल्या मोबाइल आणि ईमेलवरच जातो. छोट्या ऑफिसांत मालकाऐवजी अकाउंटंटचा नंबर टाकून ठेवतात, खरी गोम तिथे आहे. ते गृहस्थ अजून फोन उचलत असतील तर आजच 'नॉन-कोअर अमेंडमेंट'मधून (नोंदणीतले किरकोळ बदल करायची पोर्टलवरची सोय) मालकांचा नंबर आणि ऑफिसचा ईमेल घालून घ्या. उचलत नसतील तर मालकांनी आपल्या हद्दीतल्या जीएसटी अधिकाऱ्याकडे कागदपत्रांसह अर्ज करायचा. तुमचा स्वतःचा नंबर मात्र मुळीच देऊ नका.

मग तारखा भिंतीवर लावा. महिन्याचं रिटर्न असेल तर ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील), १५ ला पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी विमा), २० ला जीएसटीआर-३बी (कर भरायचं रिटर्न). ३बी चुकलं की कर भरायचा असताना रोज ५० रुपये, शिवाय थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. हा आकडा मालकांपुढे ठेवा, तक्रारीपेक्षा तो लवकर पोचतो.

नवं टेबल तोंडी घेऊ नका. दोन ओळींचा ईमेल पुरे : 'आजपासून हे काम माझ्याकडे आलं आहे. लॉगिन मिळालेलं नाही. ११ तारखेआधी हवं.'

पुढचा माणूस राजीनामा देईल तेव्हा शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. त्याला बोलायला लावून टिपणं काढली तर नेमकं हाताला सवयीचं झालेलं तेवढंच सुटतं. म्हणून काम तुम्ही करा, त्याला शेजारी बसवा आणि तो जिथे अडवेल तेवढं लिहा. तुमच्या धंद्यात हमखास राहते ती एक यादी : एक्स्पायरीचा माल परत आलाय, पण क्रेडिट नोट (उधारीतून तेवढी रक्कम वजा केल्याचा कागद) निघालेली नाही, असे केमिस्ट. ती जाणाऱ्याच्या डोक्यातच असते आणि दोन महिन्यांनी उधारी मागायला गेलं की भांडण होतं.

पीएफचं पासबुक दर महिन्याला बघा. पगारातून कापलेले १२ टक्के जमा झालेत का, ते तिथेच कळतं. नोकरी सोडल्याची तारीख ऑफिसने भरली नाही, तर शेवटच्या हप्त्यानंतर २ महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः पीएफच्या पोर्टलवर भरता येते.

सोडायचं ठरलंच, तर रुजू झाल्याची तारीख आधी काढून बघा. सलग ५ वर्षं भरली की ग्रॅच्युइटी लागू होते : शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. १३,००० वर ५ वर्षांचे ३७,५०० होतात. पाचाला दोन-तीन महिने कमी असतील, तर तेवढं थांबून मगच राजीनामा द्या.