वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यातील उबवणी आणि पाण्याची वाटी

प्रश्न : आमच्या बैठ्या घरामागे काही गावठी कोंबड्या व एक कोंबडा आहे. कोंबडी खुडूक होण्याची वाट पाहावी लागू नये, म्हणून मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात ४० वॉटचा बल्ब, थर्मोस्टॅट आणि संगणकातील छोटा पंखा बसवून घरीच उबवणी यंत्र केले. तापमान ३७.५ अंशांवर राहते, अंडी दिवसातून तीनदा फिरवतो आणि पाण्याची वाटी कधीच कोरडी पडू देत नाही. फेब्रुवारीत पिल्ले छान निघाली. जुलैत मात्र बहुतेक पिल्ले पूर्ण वाढून कवचातच मेली. अंडी फोडली तेव्हा ती फुगलेली व ओलीचिंब होती. असे का झाले? पिल्ले निघण्यासाठी वेगळा हॅचर करावा काय?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून दोष तापमानाचा नसून त्या कधीच कोरड्या न पडणाऱ्या वाटीचा दिसतो. अंड्याच्या कवचाला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात आणि पहिल्या १८ दिवसांत त्यांतून पाण्याची वाफ बाहेर पडून अंड्याचे वजन ११ ते १३ टक्क्यांनी घटावे लागते. जितके पाणी जाते, तितकी रुंद टोकाकडील हवेची पोकळी वाढते. विसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू याच पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेते. पाणी पुरेसे गेले नसेल, तर पोकळी लहान राहते आणि फुगलेल्या पिल्लाला कवचात वळायलाही जागा उरत नाही.

पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के आर्द्रता ठेवावी, हे सर्वत्र छापले जाते व ते योग्यच आहे. परंतु त्यासाठी किती पाणी ठेवायचे, हे ऋतूवर ठरते. जुलैतील मुंबईची २८ अंश तापमानाची आणि ८५ टक्के आर्द्रतेची हवा खोक्यात शिरून ३७.५ अंशांपर्यंत तापली, की पाण्याचा एक थेंबही न घालता तिची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास येते. वर भरलेली वाटी ठेवली, म्हणजे अंडी सुकायची थांबलीच. याउलट जानेवारीतील दुपारची, ३० अंश तापमानाची आणि ४० टक्के आर्द्रतेची हवा आत तापून जेमतेम २६ टक्क्यांवर उतरते, तेव्हा वाटी हवीच. म्हणून पावसाळ्यात पहिले १८ दिवस वाटी काढून ठेवा आणि अठराव्या दिवशी ती भरा. पाण्याच्या खोलीला महत्त्व नाही. भांडे पसरट असेल तितकी वाफ अधिक.

स्वस्त आर्द्रतामापक सर्रास खोटे बोलतात. तो तपासण्यासाठी बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते पाण्याने फक्त दमट करा आणि मापकासह हवाबंद डब्यात आठ-दहा तास ठेवा. काटा ७५ टक्क्यांच्या जवळ यायला हवा, जो फरक दिसेल तो पुढे धरून चालावे. त्याहून भरवशाचा मला स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाटा वाटतो. दहा अंडी लावताना ५०० ग्रॅम भरली, तर सातव्या दिवशी ती साधारण ४७५ ते ४८० ग्रॅम आणि अठराव्या दिवशी ४४० ग्रॅमच्या आसपास भरावीत. वजन कमी घटत असेल तर पाणी काढा, फार घटत असेल तर वाढवा. सातव्या दिवशी अंधारात विजेरी लावून अंडी तपासा आणि ज्यांत रक्तवाहिन्यांचे जाळे दिसत नाही, ती वजनाच्या हिशेबातून वगळा.

अंडी एकाच दिवशी लावत असाल, तर वेगळ्या हॅचरची गरज नाही. दर आठवड्याला नवी अंडी लावत असाल, तर मात्र तो करावाच, कारण शेवटच्या तीन दिवसांची दमट हवा नंतर लावलेल्या अंड्यांना मारक ठरते आणि पिल्लांची लव व कवचाची घाण सगळीकडे पसरते. हॅचर म्हणजे दुसरे तसेच खोके, फक्त अंडी फिरवण्याची सोय नसलेले. तळाला वर्तमानपत्र अंथरू नका, त्यावर पिल्लांचे पाय घसरून फाकतात. गोणपाट किंवा खरखरीत रबरी जाळी चालेल. हवेची भोके बुजवू नका, कारण शेवटी पिल्लांना प्राणवायू जास्त लागतो. एका अंड्याला टोच दिसली म्हणून झाकण उघडण्याचा मोह टाळा. दमट हवा निसटली, की आतील पापुद्रा सुकून बाकीच्या पिल्लांना चिकटतो. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पिल्लू दोन दिवस सहज तग धरते, त्यामुळे ते वाळेपर्यंत बाहेर काढण्याची घाई नाही.

एलईडी दिवा या कामाला पुरेशी उष्णता देत नाही, म्हणून तुमचा पिवळा बल्बच ठीक; मात्र थर्माकोल सहज पेट घेते, तेव्हा बल्बाभोवती तारेची जाळी लावून तो भिंतीपासून चांगला लांब ठेवा.