रानपिंगळा बघायचाय? मग दिवसा बघा

प्रश्न : डिसेंबरात आम्ही चौघं मेळघाटात, सेमाडोहला जाणार आहोत. तिथे वाघ काही दिसत नाही, असं जो तो सांगतो. मुलीला पक्ष्यांचं वेड, तिला रानपिंगळा, म्हणजे रानातलं ते छोटं घुबड, बघायचंय. त्यासाठी रात्री बाहेर पडावं लागेल का? साध्या पिंगळ्यापासून तो वेगळा कसा ओळखायचा? मोबाइलवर आवाज लावला तर येतो म्हणे, खरं का?
– एक वाचक, अकोला

उत्तर : वाघाबद्दल लोक सांगतात त्यात तथ्य आहे. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी मेळघाट एक, पण हा सातपुडा आहे. एक डोंगर उतरावा तर पुढे दुसरा उभा, आणि मधे बांबू. वाघ असतो, तुम्हाला दिसत नाही इतकंच. तुमच्या मुलीने यादी बरोबर लावली आहे.

रात्री बाहेर पडायची गरजच नाही. रानपिंगळा दिवसाउजेडी शिकार करणारा. थंडीत सकाळी उन्हं वर आली की सागाच्या शेंड्यावरच्या निष्पर्ण फांदीवर उघड्यावर बसतो आणि खाली सरडा, पाल, उंदीर हलतोय का ते बघतो. दाट रानापेक्षा विरळ सागवान धुंडाळा.

आता ओळख. गावातल्या वडावर असतो तो साधा पिंगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके अगदी ठळक. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, राखाडी-तपकिरी. छातीही तशीच गडद, पोट मात्र स्वच्छ पांढरं. पाय दणकट, पांढऱ्या पिसांनी भरलेले. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असतात आणि बिथरला की ती शेपटी डावी-उजवी झटकतो. जंगली पिंगळा हा तिसरा भाऊ डोक्यापासून बारीक आडव्या रेघांचा. फसगत होते ती पाठमोऱ्या पक्ष्याची; तो वळेपर्यंत थांबा.

हा पक्षी १८८४ नंतर ११३ वर्षं कुणाला खात्रीने सापडला नव्हता. मधे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज कर्नलाने १९१४ साली गुजरातेत मिळाल्याचा एक नमुना मिरवला. पुढे कळलं, की साहेबांनी संग्रहालयातला जुना नमुना ढापून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडी पाडली, ते ठिकाण बाद केलं आणि जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा पालथ्या घातल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला सापडला, तोही सकाळीच! त्यानंतरच्या पाहणीत मेळघाटात तो बऱ्यापैकी संख्येने आढळला. मुलीला हा किस्सा गाडीतच सांगून टाका.

मोबाइलचं विचारलंत. येतो, आणि म्हणूनच लावायचा नाही. डिसेंबर हा त्यांचा विणीचा काळ. मादी ढोलीत असते, तिला खाऊ घालायचं काम नराकडे. हद्दीत दुसरा नर घुसला असं वाटून तो शिकार सोडून भांडायला येतो, आणि ढोलीतली मादी उपाशी राहते. बरोबरच्या गाइडने हौसेने फोन काढला तरी नको म्हणा.

सेमाडोहहून कोलकासकडे जाताना सिपना नदीकाठी थोडं थांबा. रानगवा पाण्यावर आला तर गाडीतून उतरू नका. दिसायला संथ, पण भरवशाचा नाही. आणि घरात दुर्बीण एकच असेल तर ती मुलीच्या गळ्यात द्या.