वाचकांचे प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर विंडोजशेजारी लिनक्स

विंडोज १० ची नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ न चालणाऱ्या लॅपटॉपवर, आहे ती विंडोज न काढता, शेजारी लिनक्स बसवताना आलेल्या अडचणींचे हे प्रश्न. फायलींची प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या. प्रत्येक उत्तरात ते पुन्हा लिहिलेलं नाही. कमांड उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत, टाइप करताना रोमन लिपीत कराव्यात.

प्रश्न : सी ड्राइव्ह आक्रसून ६० जीबी जागा मोकळी केली. पण लिनक्स मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये ती ‘अनयूजेबल’ दिसते आणि तिथे पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) करता येत नाही. डिस्क खराब झाली का?

उत्तर : डिस्क ठणठणीत आहे, फक्त ती जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. या पद्धतीत पार्टिशनच्या नोंदींसाठी डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये ६४ बाइट राखलेले असतात. एका नोंदीला १६ बाइट लागतात, म्हणजे प्रायमरी पार्टिशन चारच. विंडोज ७ च्या काळातले बरेच लॅपटॉप ही चारही घरं भरूनच यायचे : सिस्टिम, सी, डी आणि रिकव्हरी. तुमच्याकडे जागा आहे, पण तिची नोंद करायला ओळ उरलेली नाही.

एक प्रायमरी पार्टिशन काढून तिथे एक्स्टेंडेड करायचं, हा यावरचा उपाय. एक्स्टेंडेडच्या पोटात लॉजिकल पार्टिशन कितीतरी करता येतात आणि लिनक्स लॉजिकलवर बिनतक्रार चालतं. काढायचं ते डी. सिस्टिमच्या छोट्या पार्टिशनला हात लावू नका, विंडोज सुरू करणाऱ्या फायली तिथेच असतात. रिकव्हरी काढायचं असेल तर आधी रिकव्हरी पेन ड्राइव्ह करून ठेवा. आणखी एक गोष्ट पाहून घ्या : एक्स्टेंडेड पार्टिशन सलग जागेतच होतं. सी ड्राइव्हमागची मोकळी जागा आणि डी एकमेकांना लागून असतील तर डी काढल्यावर दोन्ही मिळून एक तुकडा होतो. मध्ये रिकव्हरी येत असेल, तर ते दोन तुकडे वेगळेच राहणार.

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाचवं पार्टिशन करायला गेलात तर ते ‘डायनॅमिक डिस्क’ करू का, असं विचारतं. नाही म्हणा. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. डायनॅमिक झालेल्या डिस्कवर लिनक्सचे नेहमीचे इन्स्टॉलर बसत नाहीत आणि विंडोजच्या स्वतःच्या साधनांनी ती पुन्हा साधी करायची तर सगळी पार्टिशन पुसावी लागतात. डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारं मायक्रोसॉफ्टचं एमबीआर-टू-जीपीटी हे साधनही इथे कामाचं नाही. तीनपेक्षा जास्त प्रायमरी असली की ते नकार देतं.

डी काढून झालं की इन्स्टॉलरमध्ये ‘समथिंग एल्स’ निवडा. मोकळ्या जागेवर अधिकचं बटण दाबा, किमान ३० जीबी द्या, प्रकार ‘लॉजिकल’, फाइल सिस्टिम ‘एक्स्ट४’, माउंट पॉइंट फक्त स्लॅश. स्वॅपसाठी (रॅम अपुरी पडली की वापरायच्या जागेसाठी) वेगळं पार्टिशन लागत नाही, इन्स्टॉलर स्वॅप फाइल करतो. उरलेल्या जागेत एनटीएफएसचं (विंडोजच्या फाइल सिस्टिमचं) एक लॉजिकल पार्टिशन केलंत तर डीवरच्या फायली दोन्हीकडून उघडतील. सर्वांत खाली बूटलोडरची (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) जागा विचारली जाते. तिथे पूर्ण डिस्क निवडा, म्हणजे ‘एसडीए’. ‘एसडीए५’ सारखं आकडा लागलेलं नाव नको. मात्र पेन ड्राइव्हवरून सुरू केलेल्या लॅपटॉपवर कधी कधी पेन ड्राइव्हच ‘एसडीए’ होतो, म्हणून नावाशेजारचा आकार वाचूनच निवडा.

प्रश्न : सी ड्राइव्हमध्ये ९० जीबी रिकामे आहेत, पण ‘श्रिंक व्हॉल्यूम’ फक्त २ जीबी कमी करू देतं. डीफ्रॅग करूनही फरक नाही.

उत्तर : ड्राइव्हच्या मागच्या भागात न हलणारी एखादी फाइल बसली आहे, त्याच्या अलीकडे विंडोज सरकू शकत नाही आणि डीफ्रॅगही तिला हलवत नाही. बहुतेकदा ती हायबरनेशन फाइल, पेज फाइल किंवा रिस्टोअर पॉइंट असते. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ’ द्या (पॉवरसीएफजीनंतर एक मोकळी जागा, ऑफच्या आधी एक). पेज फाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन (रिस्टोअर पॉइंट करणारी सोय) तात्पुरतं बंद करा, रिस्टार्ट करून पुन्हा श्रिंक करा. काम झालं की ती दोन्ही परत चालू करा.

हायबरनेशन मात्र बंदच ठेवा. त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही जातं आणि ते जाणंच बरं. ते चालू असलं की ‘शट डाउन’ केलेली विंडोज खरं तर अर्धवट झोपलेली असते; मग लिनक्समध्ये सी ड्राइव्ह नुसता वाचता येतो, त्यात लिहिता येत नाही. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर हे सगळं करण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बदल केल्यावर विंडोज ती मागू शकते.

प्रश्न : उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) नीट बसलं, शेवटी ‘इन्स्टॉलेशन कम्प्लीट’ आलं. रिस्टार्ट केल्यावर मात्र थेट विंडोजच सुरू होते. कोणती सिस्टिम हवी ते विचारणारा मेनू येतच नाही.

उत्तर : दोन शक्यता आहेत. आधी विंडोजमध्ये ‘एमएसइन्फो३२’ चालवा आणि ‘बायोस मोड’ ही ओळ पाहा. तिथे ‘यूईएफआय’ (यंत्र सुरू करण्याची नवी पद्धत) असेल आणि उबुंटू मात्र लेगसी, म्हणजे जुन्या मोडमध्ये बसलं असेल, तर दोघांची गाठ पडणार नाही. असं होतं कसं? बूट मेनूत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नावामागे ‘यूईएफआय’ लावून आणि एकदा नुसता. नुसत्यावर बोट पडलं की इन्स्टॉलर लेगसी मोडमध्ये चालतो. पेन ड्राइव्हवरून उबुंटू ‘ट्राय’ म्हणून सुरू करा आणि ‘सिस’ फोल्डरमधल्या ‘फर्मवेअर’मध्ये ‘ईएफआय’ नावाचं फोल्डर आहे का बघा. असेल तर यंत्र यूईएफआयमध्ये सुरू झालंय. पुन्हा बसवायची गरज नाही. याच स्थितीत इंटरनेट जोडून ‘बूट-रिपेअर’ हे साधन चालवलं की ते योग्य ग्रब (मेनू दाखवणारा लिनक्सचा बूटलोडर) बसवतं.

दोन्ही यूईएफआयमध्येच असतील तर बायोसमध्ये बूट ऑर्डर उघडा आणि ‘उबुंटू’ ही नोंद ‘विंडोज बूट मॅनेजर’च्या वर घ्या. काही जुन्या लॅपटॉपमध्ये ही नोंद दिसतच नाही. तिथे सिक्युरिटीच्या पानावर ईएफआय फाइल ‘ट्रस्टेड’ म्हणून निवडायची सोय असते. ती करडी दिसत असेल तर आधी सुपरवायझर पासवर्ड ठेवा, मग उघडते. काम झाल्यावर तो पासवर्ड काढा किंवा लिहून ठेवा. बायोसचा पासवर्ड विसरला तर फार मनस्ताप होतो.

प्रश्न : माझं उलट. मेनू येतो, पण त्यात विंडोज नाही.

उत्तर : ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून इतर सिस्टिम शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ मुळातच बंद असतो. ‘ईटीसी’मधल्या ‘डीफॉल्ट’ फोल्डरमधली ‘ग्रब’ फाइल ॲडमिन अधिकाराने उघडा, ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर’ पुढे ‘फॉल्स’ लिहा (ओळीच्या सुरुवातीला हॅश चिन्ह असेल तर काढा) आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा.

प्रश्न : लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलं की घड्याळ चुकतं.

उत्तर : मदरबोर्डच्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक समजते, लिनक्स जागतिक प्रमाणवेळ. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ दिलंत की पुरे. पण तारीखच काही वर्षं मागे जात असेल, तर सीमॉस बॅटरी (मदरबोर्डचं घड्याळ चालू ठेवणारी) संपली आहे, बहुधा ३ व्होल्टची सीआर२०३२. लॅपटॉपमध्ये ती वायर आणि कनेक्टरसकट येते, तशीच आणा. तारीख चुकीची असली की ब्राउझर सुरक्षित साइट उघडत नाही आणि अपडेटही अडतात.

प्रश्न : वाय-फाय दिसत नाही, आणि ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं!

उत्तर : फोन यूएसबी केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा, बहुतेक वेळा त्यावर लगेच इंटरनेट येतं. मग ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ उघडा. जुन्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा ब्रॉडकॉमचं कार्ड निघतं आणि त्याचा ड्रायव्हर तिथे मिळतो. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर बसताना एक पासवर्ड ठेवायला सांगतात. रिस्टार्टनंतर निळा पडदा येईल, त्यावर ‘एनरोल मोक’ निवडून तोच पासवर्ड द्या. घाईत ‘कंटिन्यू बूट’ केलंत तर ड्रायव्हर बसलेला दिसेल, पण वाय-फाय चालणार नाही.