फॉर्म्युला वनमध्ये टीम आपल्याच ड्रायव्हरला ‘त्याला पुढे जाऊ दे’ म्हणते, ही फिक्सिंग नाही का?

इटलीतल्या मोंझाची 2025 ची रेस बघून तुम्ही विचारलंय: मॅक्लारेनच्या पियास्ट्रीने टीमच्या सांगण्यावरून आपला टीममेट नॉरिसला पुढे सोडलं, मग याला फिक्सिंग का म्हणायचं नाही, आणि ड्रायव्हर असलं ऐकतात तरी का?

नियमाने विचाराल तर ही फिक्सिंग नाही. रेसच्या निकालात ढवळाढवळ करणाऱ्या टीम ऑर्डरवर 2003 ते 2010 बंदी होती, ती 2011 पासून उठली. आज टीमला आपल्या दोन गाड्यांचा क्रम ठरवता येतो. खेळाची बदनामी करू नये एवढं सर्वसाधारण कलम तेवढं डोक्यावर असतं. माझं मत विचाराल तर ऑर्डर देण्यात गैर काही नाही. गंमत अशी की भांडणाचं मूळ बऱ्याचदा त्या ऑर्डरमध्ये नसतंच, ते काही लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) आधीच्या पिट स्टॉपमध्ये, म्हणजे टायर बदलायला थांबण्यात, असतं. पिट वॉलवर, म्हणजे ट्रॅककडेला बसून रेस चालवणारी टीमची मंडळी क्रम बिघडवतात आणि मग निस्तरायला ड्रायव्हरला सांगतात.

आधी हिशेब समजून घ्या. पॉइंट दोन वेगळ्या खात्यांत जातात, ड्रायव्हरच्या आणि टीमच्या. पहिल्याला 25, दुसऱ्याला 18, तिसऱ्याला 15. दोन्ही गाड्या पहिल्या-दुसऱ्या आल्या तर टीमला 43 मिळणार, पुढे कुणीही असो. पण त्या दोघांचा आपसातला हिशेब बघा: जागांची अदलाबदल झाली की एकाचे 7 गेले, दुसऱ्याला 7 मिळाले, म्हणजे एकमेकांच्या तुलनेत 14 चा फरक. शिवाय सबंध ग्रिडवर (रेसमधल्या सगळ्यांत) सारखी गाडी असणारा माणूस एकच, तो म्हणजे आपला टीममेट. बाकी कुणाकडून हरलात तर गाडीवर ढकलता येतं, त्याच्याकडून हरलात तर तोंड लपवायला जागा नाही. पुढच्या कराराची बोलणी करणारेही पहिल्यांदा हीच तुलना काढून बघतात.

आता पिट स्टॉप. टीमच्या दोन गाड्यांना मिळून थांबायची जागा एकच आणि टायर बदलणारा ताफाही एकच. एकाच लॅपमध्ये दोघांना बोलावलं आणि मधलं अंतर कमी असलं तर मागचा रांगेत उभा राहतो आणि त्याचे सेकंद फुकट जातात. म्हणून सहसा एकेका लॅपच्या फरकाने बोलावतात. इथेच मेख आहे. आधी थांबलेला नव्या टायरवर सुसाट लॅप मारतो, त्याच वेळी दुसरा झिजलेल्या टायरवर रखडत असतो. टायरची झीज जास्त असेल तर त्या एका लॅपमध्ये दीड-दोन सेकंद सहज निघतात आणि मागचा काही न करता पुढे निघतो. यालाच अंडरकट म्हणतात. म्हणून बहुतेक टीममध्ये अलिखित रिवाज असा की जो पुढे आहे त्याला आधी थांबायचा हक्क.

हा रिवाज मोडावा लागतो तो तिसऱ्याच्या भीतीने. मागच्या टीममेटच्याही मागून दुसऱ्या टीमचा कुणी अंडरकट मारायला टपलेला असेल, तर मागच्याला वाचवण्यासाठी त्याला आधी बोलावतात.

हंगेरी 2024 मध्ये हेच झालं. पियास्ट्री पहिला, नॉरिस दुसरा, मागून मर्सिडीजच्या हॅमिल्टनची धास्ती. मॅक्लारेनने नॉरिसला 45 व्या लॅपला थांबवलं, पियास्ट्रीला 47 व्या. परत ट्रॅकवर आले तेव्हा नॉरिस पुढे. मग त्याचा इंजिनिअर विल जोसेफ जवळपास वीस लॅप रेडिओवर, जागा परत दे म्हणून, त्याची समजूत काढत होता. नॉरिसने शेवटी 68 व्या लॅपला, रेस 70 लॅपची असताना, सरळ रस्त्यावर वेग कमी करून पियास्ट्रीला जाऊ दिलं. पियास्ट्रीच्या कारकिर्दीतला पहिला विजय असा आला. माझ्या मते त्या दिवशी चूक नॉरिसची नव्हती. पियास्ट्रीकडे एवढी आघाडी होती की त्याला आधी थांबवूनही काम भागलं असतं.

मोंझाला धोका फेरारीच्या लेक्लेरचा होता. रेड बुलचा वेर्स्टापेन पहिला, नॉरिस दुसरा, पियास्ट्री तिसरा. पियास्ट्रीला 45 व्या लॅपला आधी बोलावलं, त्याचा स्टॉप 1.9 सेकंदांत झाला. नॉरिसने याला होकार दिला होता, पण अंडरकट होणार नाही या बोलीवर. पुढच्या लॅपला तो आला आणि पुढच्या डाव्या चाकाने घोळ घातला: 5.9 सेकंद. बाहेर पडला तो पियास्ट्रीच्या मागे. टीमने जागा परत द्यायला सांगितली. पियास्ट्रीचं म्हणणं असं की स्लो पिट स्टॉप हा रेसिंगचा भाग आहे असं आपलं ठरलं होतं, मग आता काय बदललं? तरीही तुम्ही म्हणत असाल तर देतो. आणि दिली.

दोघांचंही बरोबर होतं, म्हणून हे प्रकरण इतकं चघळलं गेलं. क्रम बदलून थांबवल्यामुळे जागा गेली तर परत द्यायची, हे कलम ठरलेलं. मेकॅनिकच्या चुकीने जागा गेली तर ते नशीब, हेही ठरलेलं. एकाच वेळी दोन्ही झालं तर काय, याचं उत्तर कुणीच आधी लिहून ठेवलं नव्हतं. पियास्ट्री पुढेच राहिला असता तर नॉरिसला 18 ऐवजी 15 मिळाले असते. सीझनचा शेवट आठवून बघा: चॅम्पियन नॉरिस 423 पॉइंट, वेर्स्टापेन 421. तीन वजा करा. (हे गणित थोडं लबाडीचं आहे, कारण तिथून पुढची प्रत्येक रेस वेगळी झाली असती. पण पियास्ट्रीच्या चाहत्यांना ते कोण सांगणार.)

अदलाबदल प्रत्यक्षात कशी करतात, तेही सांगतो. आधी मागच्या परक्या गाडीचं अंतर बघतात. गाडी नुसती बाजूला घेऊन दुसऱ्याला जाऊ द्यायचं म्हटलं तरी एक-दीड सेकंद जातो, त्यामुळे तिसरा दोन-तीन सेकंदांच्या आत असेल तर विचारच करत नाहीत. जागा सहसा लांब सरळ रस्त्याची निवडतात. पुढचा रेसिंग लाइन (सर्वात वेगवान वाट) सोडतो आणि थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) लवकर सोडतो. वळणात हा उद्योग करायचा नाही, कारण लाइनच्या बाहेर टायरच्या रबराचा चुरा पडलेला असतो. तो चाकांना चिकटला की पुढची काही वळणं पकड राहत नाही. आणि कुठल्या वळणाआधी सोडणार हे दोघांच्याही इंजिनिअरनी सांगितलेलं असावं लागतं. एकाला ठाऊक आणि दुसऱ्याला नाही, तर मागचा येऊन थेट आदळायचा.

चांगल्या ऑर्डरला परतीची अट असते. हंगेरी 2017 हा त्याचा नमुना. मर्सिडीजच्या बोटासने टीममेट हॅमिल्टनला पुढच्या फेरारींवर हल्ला करायला सोडलं. जमलं नाही तर जागा परत, असं ठरलं. हॅमिल्टनला जमलं नाही. तोवर बोटास सात-आठ सेकंद मागे पडला होता आणि त्याच्या शेपटाला वेर्स्टापेन. तरी हॅमिल्टनने शेवटच्या वळणावर थांबून तिसरी जागा परत केली. विजेतेपदाची शर्यत रंगात असताना 3 पॉइंट हातचे सोडले. इतकी सरळ वागणूक फारशी बघायला मिळत नाही.

बंदी आली ती ऑस्ट्रिया 2002 मुळे. बारिकेलो पोलपासून (सुरुवातीच्या पहिल्या जागेपासून) पुढे होता, फेरारीने त्याला शेवटच्या लॅपमध्ये फिनिश लाइनच्या तोंडाशी टीममेट शूमाकरला जाऊ द्यायला लावलं. फरक 0.182 सेकंद. सीझनची ती जेमतेम सहावी रेस होती आणि शूमाकरने आधीच्या पाचपैकी चार जिंकल्या होत्या, त्यामुळे गरज शून्य. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, ओशाळलेल्या शूमाकरने पोडियमवर (पहिल्या तिघांच्या मंचावर) बारिकेलोला सर्वात वरच्या पायरीवर उभं केलं. 10 लाख डॉलरचा दंड झाला (त्यातला निम्मा स्थगित), तोही ऑर्डरबद्दल नव्हे, पोडियमचा शिष्टाचार मोडल्याबद्दल! ऑर्डरविरुद्ध तेव्हा नियमच नव्हता.

बंदीने काय साधलं? ऑर्डर गेल्या नाहीत, सांकेतिक झाल्या. ब्राझील 2007 ला घरच्या ट्रॅकवर पुढे असलेला फेरारीचा मासा दुसऱ्या पिट स्टॉपच्या वेळेच्या हिशेबात टीममेट रायकोनेनच्या मागे गेला. रायकोनेन 110 पॉइंटांवर चॅम्पियन, हॅमिल्टन आणि अलोन्सो दोघेही 109. कुणाला शिक्षा नाही, कारण सिद्ध काय करणार? जर्मनीतल्या होकेनहाइमला 2010 मध्ये मात्र मासाच्या इंजिनिअरने, रॉब स्मेडलीने, एकेक शब्द सुटा करून सांगितलं: फर्नांडो (म्हणजे तेव्हाचा टीममेट अलोन्सो) तुझ्यापेक्षा जास्त वेगात आहे, निरोप कळला का ते सांग. मासाने वळणातून बाहेर पडताना वेग घेतलाच नाही, अलोन्सो पुढे. दंड 1 लाख डॉलर, विजय कायम. नियम पाळून घेता येत नाही हे सगळ्यांना दिसलं आणि पुढच्या सीझनला तो काढून टाकला.

ड्रायव्हर ऐकतात का? बहुतेक ऐकतात, कारण करार, पुढच्या वेळी मिळणारी मदत, आणि गॅरेजमधल्या माणसांना रोज तोंड दाखवायचं असतं. पण मलेशिया 2013 विसरू नका. रेड बुलचा संकेत होता ‘मल्टी 21’, म्हणजे 2 नंबरची (वेबरची) गाडी पुढे, 1 नंबरची (वेटेलची) मागे. शेवटच्या पिट स्टॉपनंतर वेबरने विश्वासाने इंजिन मंद केलं आणि वेटेलने त्याला गाठून रेस मारली. पोडियमआधीच्या खोलीत वेबर एवढंच म्हणाला, ‘मल्टी 21, सेब.’ त्याच रेसमध्ये मर्सिडीजचा रॉसबर्ग, गाडीत दम असूनही, टीमप्रमुख ब्रॉनचं ऐकून हॅमिल्टनमागे चौथा राहिला. वर्षअखेर वेबर फॉर्म्युला वनमधून बाहेर पडला, वेटेल चॅम्पियन झाला. अशा वेळी टीमच्या हातात फारसं काही नसतं.

ऑर्डर दिलीच नाही तर काय होतं, ते स्पेन 2016 ला दिसलं. पहिल्याच लॅपला रॉसबर्गची गाडी चुकीच्या इंजिन मोडमध्ये अडकून मंदावली, हॅमिल्टन आतून घुसायला गेला, रॉसबर्गने दार लावलं, म्हणजे वाट अडवली. हॅमिल्टन गवतावर जाऊन गरगरत येऊन त्याच्यावर आदळला. दोन्ही मर्सिडीज चौथ्या वळणाला रेतीत आणि 18 वर्षांचा वेर्स्टापेन रेड बुलसाठीची पहिलीच रेस जिंकून गेला. आपल्याकडच्या प्रेक्षकांना जवळचं उदाहरण म्हणजे विजय मल्ल्यांची फोर्स इंडिया. 2017 ला बाकूत पेरेझ आणि ओकॉन एकमेकांना धडकले आणि हाताशी आलेलं पोडियम गेलं. पुढे बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवर तर एकाच रेसमध्ये दोनदा धडकले. त्यानंतर टीमने दोघांचं मोकळं रेसिंग बंद केलं. मधल्या फळीतल्या टीमचं बक्षिसाच्या पैशाचं गणित त्याच पॉइंटांवर चालतं.

पुढच्या रेसला हे ओळखायचं असेल तर रेडिओवर विसंबू नका, टीव्हीवर येतो तो निवडक आणि थोडा उशिरा येतो. एकाच टीमच्या दोन गाड्या मागेपुढे असतील तर आधी कोण थांबतोय ते बघा. मागचा आधी आला की घड्याळ लावा आणि त्यांच्या पाठीमागे कुणाची गाडी किती सेकंदांवर आहे ते पडद्याच्या डाव्या पट्टीत वाचा. दुसरा बाहेर पडताना क्रम उलटा झालेला दिसला, की रेडिओवर पुढची दहा मिनिटं कशाबद्दल असणार हे कॉमेंट्री करणाऱ्याच्या आधी तुम्हाला कळलेलं असेल.